लानमनेखच्या टेकडीचे मोजमाप

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे शूस्बरीला राहायला आले होते. साताऱ्याकडे सरकारी बांधकामांवर ओव्हरसिअर म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला इंग्लंड दाखवणे हे सोपे काम नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळून चुकले. राजवाड्यांपुढे ते जांभया देत आणि संग्रहालयांत बाक शोधत. एका जुन्या नॉर्मन किल्ल्यात मात्र त्यांनी अर्धा तास घालवला, आणि तो कशात घालवला म्हणाल, तर भिंतीतले चुन्याचे सांधे कुठे कुठे सिमेंटने भरले आहेत ते मला दाखवण्यात. "अगं, चुन्याची भिंत श्वास घेते, तिच्या नाकावर सिमेंट थापलं की ती आतून कुजते," असे ते तिथल्या चौकीदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण सुदैवाने मराठीत, म्हणाले. त्याच संध्याकाळी मी ठरवले की यांना आता राजेरजवाड्यांच्या जागा पुरे झाल्या, यांना लानमनेखला न्यायचे.

लानमनेख हे शूस्बरीहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरचे, इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर अक्षरशः पाय फाकून बसलेले गाव आहे. या नावातला पहिला 'ल' वेल्श लोक जीभ टाळूला लावून बाजूने हवा फुंकत काढतात, तो मला आठ वर्षांत जमलेला नाही आणि अण्णांनी तो प्रयत्नच केला नाही. नावाचा अर्थ साधुसंन्याशांचे देवस्थान असा काहीसा आहे. सीमा गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाते. इथल्या एका जुन्या पांथशाळेचा काही भाग इंग्लंडमध्ये आणि काही वेल्समध्ये होता. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी मद्यविक्री बंद झाली, तेव्हा रविवारची तहान भागवण्यासाठी लोकांना फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागे. ही गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते, म्हणून मीही सांगून टाकली.

गावाच्या डोक्यावर उभी आहे ती टेकडी. तिची उंची २२६ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने जेमतेम एखाद्या गडाच्या पायथ्याची वाडी. पण खालून पाहताना तिची दक्षिण बाजू कुऱ्हाडीने तोडल्यासारखी सरळ कापलेली दिसते आणि उघड्या पडलेल्या दगडाचा रंग कुठे पांढुरका तर कुठे लोखंडाच्या गंजामुळे चक्क भगवा दिसतो. तो चुनखडीचा दगड आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताजवळच्या उबदार, उथळ समुद्राखाली होता आणि त्या समुद्रातल्या प्रवाळांच्या, शिंपल्यांच्या आणि इतर जीवांच्या कवचांचा थर साचत साचत हा दगड बनला. मी आकडा सांगताच अण्णा म्हणाले, "तेहतीस कोटी म्हणजे आपल्या देवांइतकी वर्षं झाली की." आकडे लक्षात ठेवण्याची ही पद्धत मला तरी पसंत पडली.

वर जाण्याआधी आम्ही पायथ्याशी, कालव्याच्या फाट्यालगत असलेल्या जुन्या चुनाभट्ट्यांच्या आवारात गेलो. हे आवार आता संरक्षित स्मारक आहे, झाडीत लपलेले आहे आणि आम्ही गेलो त्या दिवशी तिथे एक कुत्रा फिरवणारी बाई सोडली तर कोणी नव्हते. झाडांच्या शेंड्यांच्या वर विटांचे एक चौकोनी धुराडे निघालेले दिसते. ते ४२ मीटरहून उंच आहे, आणि त्याच्या पायाशी हॉफमन पद्धतीची चुनाभट्टी आहे. फ्रीडरिश हॉफमन या जर्मन माणसाने १८५८ साली या भट्टीचे पेटंट घेतले ते मुळात विटा भाजण्यासाठी, पण पुढे तीत चुनखडीही भाजू लागले. लानमनेखची भट्टी १८९९ च्या सुमारास बांधली गेली. चुन्यासाठी बांधलेल्या अशा फक्त तीन भट्ट्या ब्रिटनमध्ये शिल्लक आहेत आणि त्यांपैकी धुराडे शाबूत असलेली ही एकटीच आहे.

आपल्याकडे चुनाभट्टी म्हटले की मुंबईकराला हार्बर मार्गावरचे स्टेशन आठवते, आणि त्या नावामागे खरोखरच्या चुन्याच्या भट्ट्या होत्या हे तिथे उतरणाऱ्याला सहसा सुचत नाही. जुनी साधी भट्टी म्हणजे उभा रांजण असतो. वरून दगडाचा एक थर आणि कोळशाचा एक थर असे आलटून पालटून भरायचे, खालून पेटवायचे आणि खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढून काढायचा. लानमनेखच्या आवारात अशा जुन्या भट्ट्यांचीही तोंडे आहेत. त्यांच्यात बरीचशी उष्णता वाया जाते आणि कोळशाची राख चुन्यात मिसळते. हॉफमनची भट्टी हे वेगळेच प्रकरण आहे. लांबट गोल आकाराचा, कमानीच्या छताचा एक बोगदा, जो फिरून स्वतःलाच येऊन मिळतो, आणि त्याचे कल्पनेने पाडलेले १४ कप्पे, प्रत्येकाला बाहेरून आत जायला एक दार. विस्तव एका जागी राहत नाही, तो या बोगद्यात कप्प्याकप्प्याने पुढे सरकत राहतो. एका कप्प्यात दगड धगधगत असताना त्याच्या पुढच्या कप्प्यांतला दगड त्याच गरम हवेने तापत असतो, मागच्या कप्प्यांतला भाजून झालेला चुना थंड होत असतो आणि त्या चुन्यावरून आत येणारी थंड हवा जळणाऱ्या कप्प्यापर्यंत पोचेपोचेपर्यंत तापलेली असते. त्याच्याही मागे एका कप्प्यात माणसे चुना बाहेर काढत असतात आणि शेजारच्या कप्प्यात दुसरी माणसे नवा दगड रचत असतात. कोळशाची भुकटी छताला ठेवलेल्या भोकांतून वरून सोडली जाई. धुराडे या सगळ्यातून हवा ओढून घेई. भट्टी कधी विझतच नसे.

हे मी अण्णांना एका कमानीखाली उभी राहून सांगत होते आणि ते ऐकत होते की नाही याची मला शंका होती, कारण त्यांचा अंगठा भिंतीवरून फिरत होता. आतल्या विटांवर भाजून भाजून काचेसारखा चकचकीत लेप चढला आहे, काही ठिकाणी तो हिरवट आहे तर काही ठिकाणी मधाच्या रंगाचा. अण्णांनी एका सांध्यात अडकलेली पांढरी भुकटी नखाने टोकरली, बोटांत चोळली आणि हुंगली. मग त्यांनी विचारले, "आत रचणारा माणूस एका वेळी किती दगड उचलायचा?" ते मला माहीत नव्हते. "आणि बाहेर काढणारा? त्याच्या हातांचं काय होत असेल?"

हा प्रश्न ज्याने चुना हाताळला आहे त्यालाच पडतो. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शंभर किलो शुद्ध दगडामागे ५६ किलो कळीचा चुना हाती लागतो. हा कळीचा चुना पाण्यासाठी वखवखलेला असतो. अंगावर घाम असला तरी त्याला पुरतो आणि मग कातडी भाजते. कालव्यातून कळीचा चुना नेणाऱ्या होडीत पाणी शिरले तर होडीला आग लागण्याची भीती असे, ही गोष्ट अण्णांना फार आवडली, म्हणजे पाण्याने आग लागणारी होडी ही कल्पना आवडली. मला स्वतःला चुन्याची ओळख आहे ती दिवाळीच्या आधीच्या रविवारची. परसात अर्ध्यावर कापलेल्या पिंपात अण्णा चुन्याचे ढेकूळ पाण्यात सोडायचे, आणि ते खदखदू लागले की आम्हा भावंडांना ओट्यावरून खाली उतरायला बंदी असायची. रात्रभर विरल्यावर सकाळी त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ पडायची, आणि ताग चेचून केलेल्या कुंच्याने भिंती पांढऱ्या व्हायच्या. बाह्या खाली ओढून घेतल्याशिवाय अण्णा पिंपाजवळ जात नसत. इथल्या चौदा दारांतून आत शिरून दिवसभर तो चुना ढकलगाड्यांत भरणाऱ्यांनी घामाचे काय केले असेल, याचा विचार मी या आवारात चार वेळा येऊनही केला नव्हता.

या चुन्याला गिऱ्हाईक होते ते मुख्यतः शेतकरी. मध्य वेल्समधल्या पावसाळी डोंगरउतारांची जमीन आंबट असते, तिच्यात चुना मिसळला की पीक सुधारते. इमारतींना चुना लागे तो वेगळाच, आणि लोखंडाच्या भट्ट्यांनाही चुनखडी लागे. १७९६ मध्ये कालव्याचा फाटा इथवर आला आणि दुसऱ्या वर्षी त्याला जोडून मॉन्टगोमरीशायरचा कालवा पुढे वेल्समध्ये शिरला. उत्तरेकडून कोळसा येई, इथून दगड आणि चुना जाई. पुढे आगगाडी आली. एवढा खर्च करून बांधलेली हॉफमनची भट्टी मात्र जेमतेम पंधरा वर्षे चालली. १९१४ साली ती थंडावली ती कायमची. तोवर बांधकामात सिमेंटचा जमाना सुरू झाला होता, आणि ज्या भट्टीत दगड न् दगड हाताने रचावा लागतो तिला माणसे फार लागतात.

भट्टीपासून थोड्या अंतरावर एक लहानसे मोजणीघर आहे. टेकडीवरून दगडाने भरलेल्या वाघिणी रुळांवरून खाली येत, त्या इथे मोजल्या जात. टेकडीची इंग्लंडकडची खाण वेगळी आणि वेल्सकडची वेगळी असल्याने कोणाच्या किती वाघिणी आल्या याचा हिशेब ठेवणे भाग होते. अण्णा या खोलीसमोर थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीची, १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांत ऐकत आले होते पण सलग कधी ऐकली नव्हती. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि माण तालुक्यातल्या एका दुष्काळी कामावर हजेरीपट ठेवत होते. बायका उन्हात बसून खडी फोडत, पोरे शेजारी झोपलेली असत आणि दुपारी सुकडी वाटली जाई. खडीचे ढीग ब्रासवर मोजले जात. "टेप मी धरायचो," अण्णा म्हणाले. "ढीग चार बोटं कमी भरला की त्या बाईची मजुरी कमी. तिनं आधी माझ्याकडं बघायचं, मग टेपकडं. त्या मोजणीघरात बसणाऱ्याकडंही असंच बघत असतील."

मातीकामाची मोजणी त्याहून अवघड असते, हेही त्यांनी मला तिथेच समजावले. खडीचा ढीग निदान डोळ्यांसमोर असतो, पण माती खणून बांधावर नेऊन टाकली की खड्ड्यात जे उरते त्यावरून किती माती गेली ते सांगावे लागते. म्हणून चौकडी, म्हणजे माती काढायचा चौकोनी खड्डा, खणताना मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट तसाच ठेवतात. खुंटाच्या डोक्यावर गवत असते, ती मूळ पातळी. तिथपासून तळापर्यंत मोजले की खोली मिळते. काही मुकादम रात्रीतून खुंटाच्या डोक्यावर वीतभर माती थापून वर गवताचे ढेकूळ बसवत, म्हणजे खोली वाढून दिसे. "मग तुम्ही काय करायचात?" मी विचारले. "गवत ओढून बघायचो. मुळं नसली की कळायचं." थोडे थांबून ते म्हणाले, "प्रत्येक वेळी नाही ओढलं."

वर जायला आम्ही जुन्या उतरंडीची वाट धरली. दगडाच्या वाघिणी ज्या उतारावरून खाली येत तो उतार अजून सरळ आणि एकसारखा आहे, फक्त त्यावर आता झाडे आली आहेत. वरच्या टोकाला रहाटाच्या घराचे अवशेष दिसतात. मोठ्या पिंपावर दोर गुंडाळलेला असे. भरलेली वाघीण स्वतःच्या वजनाने खाली जाताना रिकामीला वर ओढून आणी, आणि इंजिनाचे काम ब्रेक ओढणाऱ्या एका माणसावर भागत असे. अण्णांनी चढ दमाने घेतला आणि तीन ठिकाणी थांबले, प्रत्येक वेळी काहीतरी पाहायचे आहे असे निमित्त करून.

उतरंड संपते ती खाणीच्या मैदानात. तीन बाजूंना उभे कडे आणि मध्ये सपाट पडवीसारखी जागा. इथला दगड नेऊन झाल्यावर जी पातळ, उपाशी जमीन उरली तिच्यात जोमदार गवत वाढू शकत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने इथे रानऑर्किडे आणि फुलपाखरे टिकून आहेत. दोन्ही बाजूंच्या वन्यजीव संस्था मिळून हा भाग राखीव म्हणून सांभाळतात. कड्यावर बहिरी ससाणा घरटे करतो, म्हणून गिर्यारोहकांना वसंतात काही कडे बंद असतात. आम्हाला ससाणा दिसला नाही, त्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

याच खाणीत जुलै १८३१ मध्ये एक बावीस वर्षांचा तरुण नवा कोरा कोनमापक घेऊन दगडांच्या थरांचा उतार मोजत होता. त्याचे घर शूस्बरीत होते, नाव चार्ल्स डार्विन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो 'बीगल' जहाजावर चढला आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे. शूस्बरीत डार्विनचा पुतळा आहे, त्याच्या नावाचे दुकानांचे संकुल आहे, पण मला तो इथे, हत्यार नीट धरता येत नसलेला आणि आकडे चुकतील या धास्तीत असलेला, अधिक ओळखीचा वाटतो. अण्णांना डार्विनपेक्षा कोनमापकात रस होता. थर कोणत्या दिशेला झुकले आहेत हे त्यांनी हात आडवा धरून पाहिले आणि "सुरुंग कुठून लावले असतील" यावर मला पाच मिनिटे सांगितले. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या एका धोंड्यात शिंपल्याचा ठसा होता, अंगठ्याच्या नखाएवढा, पंख्यासारख्या रेघांचा. कोकणात शिंपले भाजून चुना करतात. इथे तेच काम समुद्राने आधी दगड बनवून मग माणसांवर सोपवले.

आता टेकडीच्या माथ्याकडे. माझा बेत अण्णांना लोहयुगातली तटबंदी दाखवण्याचा होता, कारण हा सगळा माथा म्हणजे एक किल्ला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ५७ हेक्टर, म्हणजे १४० एकर, आणि ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या डोंगरी कोटांत त्याची गणना होते. फक्त तो दिसत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात किल्ला म्हणजे बुरूज, दरवाजा, पायऱ्या, निदान एक टाके तरी. इथे असते ती मातीची आणि दगडगोट्यांची वरंबी आणि तिच्या बाहेर बुजत आलेला चर. शिवाय माथ्यावर १९३३ पासून गोल्फचे मैदान आहे, ज्याच्या अठरा खळग्यांपैकी पंधरा वेल्समध्ये आणि तीन इंग्लंडमध्ये आहेत. चौथ्या खळग्यासाठी चेंडू वेल्समधून मारायचा आणि इंग्लंडमध्ये भोकात घालायचा. इयन वूसनम, ज्याने १९९१ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली, तो इथेच खेळायला शिकला. त्यामुळे माथ्यावर कुठलीही वरंबी दिसली की ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे की गोल्फवाल्यांनी रचलेली, हे ठरवणे माझ्यासारखीला अवघड जाते.

मी नकाशा उलटासुलटा करून वीस मिनिटे तट शोधला. शेवटी अण्णा गवतावर बसले आणि म्हणाले, "तू ज्यावर उभी आहेस ते काय आहे?" मी खाली पाहिले. मी एका लांब, गोलसर पाठीच्या बांधावर उभी होते, माझ्या पश्चिमेला जमीन सरळ खाली उतरत होती आणि बांधाच्या पायाशी चर होता. "ही भर आहे," अण्णा म्हणाले. "मूळ जमिनीला असा उतार नसतो."

टेकडीच्या पश्चिम कडेचा हा बांध दुहेरी कामाला आला आहे. लोहयुगातल्या लोकांनी तो तट म्हणून घातला, आणि आठव्या शतकात मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा याने वेल्सच्या बाजूने आपल्या राज्याची हद्द मातीच्या बांधाने आखली तेव्हा इथे नवा बांध घालण्याऐवजी याच जुन्या तटाचा उपयोग केला असे मानले जाते. ऑफाने ७५७ ते ७९६ राज्य केले. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी ॲसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवले आहे की ऑफाने समुद्रापासून समुद्रापर्यंत मोठा बांध घातला. तो खरोखर समुद्राला भिडत होता का यावर विद्वानांचे वाद आहेत, पण सलग आणि तुटक मिळून १३० किलोमीटरांच्या आसपास बांध आजही ओळखता येतो, आणि चर बहुतेक ठिकाणी वेल्सच्या बाजूला असतो. त्याच्या कडेने जाणारी २८५ किलोमीटरांची पायवाट १९७१ पासून आहे आणि ती या टेकडीवरून जाते.

याच टेकडीवर वेल्सच्या आणि इंग्लंडच्या दोन्ही बाजूंचे लोक आणखी एक मान सांगतात, तो म्हणजे रोमनांशी लढणाऱ्या कॅरॅटॅकसची शेवटची लढाई इथे झाली. इसवी सनाच्या पन्नाशीतली ही लढाई टॅसिटस या रोमन इतिहासकाराने वर्णिली आहे, त्यात डोंगर आहे, नदी आहे, दगडांचा तट आहे, आणि इथेही खाली व्हर्नवी नदी आहे. पण असा डोंगर आणि अशी नदी या सीमेवर जागोजाग आहे. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात पांडवांनी एका रात्रीत कोरलेले लेणे असते, तसेच हे. मला अधिक भरवशाची वाटते ती माथ्यावरची 'ओगोफ', म्हणजे वेल्श भाषेत गुहा. ती प्राचीन काळी तांब्यासाठी खणलेली खाण आहे आणि १९६५ मध्ये तिच्यात शिरलेल्या काही शाळकरी मुलांना रोमनांची चांदीची नाणी मिळाली होती. एक आंधळा वादक वाजवत वाजवत या गुहेत शिरला तो परत आला नाही, आणि गावातल्या जमिनीखालून त्याचे सूर ऐकू येत, अशीही आख्यायिका आहे. म्हणजे चुन्यासाठी कडे तोडण्याच्या कितीतरी आधीपासून ही टेकडी आतून पोखरली जातच होती.

अण्णांना यातले काहीच नको होते. त्यांनी माझ्याकडून गाडी लावल्याची पावती मागून घेतली आणि तिच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. चर दोन मीटर खोल आणि वर सहा मीटर रुंद धरला, खाली निमुळता, तर एका मीटर लांबीमागे सहा घनमीटर माती निघते. खणून वर टाकायला, लीड आणि लिफ्ट, म्हणजे माती नेण्याचे अंतर आणि चढवण्याची उंची, धरून, एका माणसाला दिवसाला दोन घनमीटर जमतात. म्हणजे मीटरला तीन मनुष्यदिवस. १३० किलोमीटरांचे झाले ३ लाख ९० हजार. "चार हजार माणसं लावली तर अठ्ठ्याण्णव दिवस. सुगी झाल्यापासून पेरणीपर्यंत." मी म्हटले, "अण्णा, पण तेव्हा फावडी लाकडाची असायची, कडेला फक्त लोखंडाची पट्टी." त्यांनी थोडा विचार करून दोनाला एक केले आणि म्हणाले, "मग दोन हंगाम." त्यानंतर जे त्यांनी विचारले ते मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालेले नाही. "या माणसांना मजुरी मिळत होती की वेठबिगार? कारण वेठीनं एवढं सरळ काम होत नाही. ही भर बघ, कुठं खचलेली नाही. दाबून घातली आहे."

बांधावरून आम्ही दक्षिणेकडे चालत गेलो. डाव्या हाताला गोल्फचे हिरवे मैदान, उजवीकडे खाली टानाट आणि व्हर्नवी यांची खोरी आणि त्यापलीकडे बर्विन डोंगरांची निळी रांग. वाट काठाकडे सरकत गेली आणि मग एके ठिकाणी बांध, चर, गवत, सगळे एकदम संपले. पुढे कडा होता. खाली, आम्ही दोन तासांपूर्वी जिथून आलो ते खाणीचे मैदान, आणि त्याहून खाली झाडांतून निघालेले धुराडे. टेकडीच्या या टोकाकडचा तट खाणीने खाऊन टाकला आहे. तो कुठे होता, कसा वळत होता, दरवाजा कुठे होता, हे सगळे वाघिणींत भरून उतरंडीने खाली गेले, भट्टीत भाजले गेले आणि मॉन्टगोमरीशायरच्या शेतांत विस्कटले गेले. तो चुना टाकून ज्यांनी ओट पिकवले त्यांच्या शेताच्या कडेनेही कदाचित ऑफाचाच बांध गेलेला असेल.

अण्णा काठापासून चार पावले मागे उभे राहिले, कारण वाऱ्याची त्यांना भीती वाटते. त्यांनी तुटलेल्या बांधाकडे हात करून मला दाखवले की कापलेल्या बाजूला वर गवताची कातडी, तिच्याखाली मातीत मिसळलेले दगडगोटे आणि खाली कोरा चुनखडीचा दगड असे थर कसे दिसतात. "हा आपला खुंट," ते म्हणाले. मी पाहत राहिले. एवढ्या मोठ्या चौकडीचा खुंट होता तो. त्याच्या डोक्यावरच्या गवतापासून खाणीच्या तळापर्यंत जितके अंतर आहे तितका डोंगर नेला गेला होता. अण्णांनी वाकून त्या गवताचा झुपका चिमटीत धरला आणि हलकेच ओढून पाहिला. तो निघाला नाही.

उतरताना ते फारसे बोलले नाहीत. बुटांना पांढरा चिखल लागला होता, तो त्यांनी गाडीत बसण्याआधी काठीने खरवडून काढला. घरी आल्यावर चहा होईपर्यंत त्यांनी आपली डायरी काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या डायरीची पाने मोजमाप पुस्तकासारखीच आखलेली असतात, तारीख, स्थळ, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पावतीवरचे आकडे त्यांनी त्यात नीट उतरवून घेतले. रात्री ते झोपल्यावर मी ते पान उघडून पाहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: "दक्षिण बाजूचे मोजमाप घेता आले नाही. मूळ पातळी उपलब्ध नाही."